सॉरीबाईंनी केबल कापली

माझी मोठी जाऊ खुर्चीला धडकली, तर खुर्चीला सॉरी म्हणते. थट्टा नाही करत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय मी. गुडघा हिचा सुजला आणि माफी खुर्चीची! हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या केबली टाकणाऱ्या आमच्या टीममध्ये म्हणूनच तिला सगळे सॉरीबाई म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा मला वाटलं, आता तरी ही चिडेल. तर म्हणते कशी, "असू दे गं. माझ्यामुळेच पडलं असेल."

आता काय बोलणार अशा बाईला?

ही सवय तिला टेलिफोनच्या बोर्डावर लागली. आमच्या हॉस्पिटलात पूर्वी तळमजल्यावर टेलिफोनची खोली होती आणि ती तिथे ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात एकच वाक्य, "सॉरी, लाइन बिझी आहे." डॉक्टर जागेवर नाहीत, सॉरी. फोन चुकीच्या वॉर्डात लागला, सॉरी. पलीकडून लोक वाटेल ते बोलायचे आणि ही निमूट ऐकून घ्यायची. मग घरी यायची, तर घरी दुसरा बोर्ड तयारच. आमच्याकडे काहीही बिघडलं की खापर हिच्याच डोक्यावर फुटतं. गिझर बंद पडला? हिने बटण चुकीचं दाबलं असेल. किल्ली सापडत नाही? हिनेच कुठेतरी ठेवली असेल. मोठे दीर तसे शांत आहेत, आवाज चढवत नाहीत. पण काही झालं की पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, "काय केलंस?" काय झालं, असं विचारत नाहीत हो. काय केलंस! सासूबाई तर तेवढंही विचारत नाहीत. "कालपर्यंत नीट चालत होतं," म्हणतात आणि हिच्याकडे बघतात. मी धाकटी, माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नाही, म्हणून माझ्या वाट्याचंही तिच्याकडेच जातं. आणि ही काय म्हणणार? "हो, माझंच चुकलं असेल." ऐकून माझं डोकं असं फिरतं!

मग हॉस्पिटलने फोन कॉम्प्युटरवर घेतले आणि तो बोर्ड गेला. हिला सांगितलं, घरी बसा, नाहीतर केबलच्या टीममध्ये जा. सगळ्यांना वाटलं, बाई घरी बसणार. बाई दुसऱ्या दिवशी नवे बूट घालून टीमच्या प्रमुखापुढे उभी! त्यांना आम्ही वस्ताद म्हणतो. वस्तादांनी हिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शिडी दिली. तिथपासून ही शिडीवरच आहे. खोट्या छताचा चौकोन सरकवायचा, कमरेपर्यंत आत शिरायचं आणि धुळीतून केबल ओढायची, असलं ते काम. पुढे टीममध्ये एक जागा झाली तेव्हा हिनेच मला ओढलं. पहिल्याच आठवड्यात मी खाली शिडी धरून उभी होते, वर बघून बघून माझी मान अवघडली होती. मी विचारलं, "ताई, काय आवडतं गं तुला यात?" वरून आवाज आला, "इथे खालच्या हाका नीट ऐकू येत नाहीत." तेव्हा मी हसले होते. घरी आल्यावर सासूबाईंनी तिला हाक मारली, तेव्हा अर्थ कळला.

आमच्या टीमचा एक रिवाज आहे. खराब केबल सापडली की जागच्या जागी तिचं डोकं उडवायचं. डोकं म्हणजे टोकाला असतो तो प्लास्टिकचा पारदर्शक कनेक्टर. बाहेरून सगळ्या केबली सारख्याच दिसतात. नुसती बाजूला ठेवली, तर कुणीतरी चांगली समजून परत पिशवीत टाकतं. एकदा तसंच झालं होतं. सकाळी काढलेली खराब केबल दुपारी दुसऱ्याच वॉर्डात लागली आणि तिथले कॉम्प्युटर बंद पडले. नर्सबाईंनी आमचा जो उद्धार केला, तो विचारू नका. तेव्हापासून वस्तादांचा हुकूम आहे, सापडली की काप. विचार करत बसू नको. या कामात सॉरीबाईंचा हात सगळ्यांत चपळ. डोळे 'खराब' म्हणेपर्यंत कटर चाललेला असतो. एरवी भाजी घेताना जी बाई दहा वेळा हात मागे घेते, तीच ही!

तर झालं काय, हॉस्पिटलने नवा नियम काढला. नेटवर्कला हात लावायचा असेल, तर परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. नसेल तर टीममधून नाव कमी. दोनदा बसायची मुभा. पहिल्या वेळी सॉरीबाई एकटीच गेली आणि नापास होऊन आली. का, तर केबल जोडूनही यंत्रावरचा दिवा लागेना. हिला वाटलं, आपलंच चुकलंय. केलेलं सगळं उसकटलं, पुन्हा केलं, पुन्हा उसकटलं आणि वेळ संपला. नंतरच्या बॅचच्या मुलांकडून कळलं, त्या टेबलावरच्या यंत्राचं केबल घालायचं भोकच मेलेलं होतं! मी म्हटलं, "जाऊन भांड त्यांच्याशी!" ही म्हणाली, "मीच आधी विचारायला हवं होतं." मोठे दीर पेपरातून म्हणाले, "झेपत नसेल तर सोड. घरी काय कमी काम आहे?"

म्हणजे ही दुसरी आणि शेवटची वेळ. पास झाली तर शिडी, नाहीतर गिझर आणि किल्ल्या. माझी पहिलीच वेळ होती, मला अजून एक संधी होती. तिला नव्हती.

परीक्षा केंद्राची खोली वरच्या मजल्यावर होती. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलाशेजारी कमरेएवढं कपाट, त्याला काचेचं दार. त्यालाच रॅक म्हणतात. आत वरती स्विच, खाली राउटर, म्हणजे केबली जोडायचे दोन डबे, आणि टेबलावर दोन कॉम्प्युटर. सगळ्या रॅकचे पंखे एकदम घोंघावत होते. मला तिच्या शेजारचंच टेबल मिळालं. परीक्षक साहेब वाळलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, गालात खोकल्याची गोळी. त्यांनी नियम वाचून दाखवले.

"दोन केबली स्वतः बनवायच्या. तिसरी केंद्राची आहे, रॅकमध्ये आधीच बसवलेली. तिन्ही जोडून, सेटिंग करून, दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले पाहिजेत. रॅकचं दार लावलेल्या स्थितीत. शेवटी मी वीज बंद करून परत चालू करणार. जे सेव्ह केलेलं असेल तेवढंच उरेल आणि तेवढंच धरलं जाईल. यंत्रात बिघाड वाटला, तर हात वर करून दाखवायचा. खरा निघाला, तर गेलेला वेळ परत देऊ. तुमचीच चूक निघाली, तर वेळ गेला तो गेला. केंद्राच्या सामानाचं नुकसान केलं, तर परीक्षा तिथेच संपली. बोलायचं नाही."

हात वर करायचा म्हणे! मी सॉरीबाईकडे बघितलं. या बाईने जन्मात कधी हात वर केलेला नव्हता.

सुरुवात झकास झाली. माझी पहिली केबल होईपर्यंत तिच्या दोन्ही झाल्या होत्या. तारा सरळ करायच्या, रंगांच्या क्रमाने लावायच्या, कनेक्टरमध्ये सरकवायच्या, पकडीने दाबायच्या. तिचे हात बघायला मला आवडतात. तिने केबली लावल्या, दार बंद केलं, खुर्चीत बसून सेटिंग टाइप केली. मग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारली. याला आम्ही पिंग म्हणतो. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची.

ओ आली नाही.

मी काचेतून बघितलं. तिच्या राउटरवरचा हिरवा दिवा विझला होता. तिने उठून दार उघडलं, आत हात घातला, केबली चाचपल्या. दिवा लागला. तिने सुस्कारा सोडला, दार लावलं, खुर्चीत बसली. दिवा गेला.

परत तेच! पुन्हा उठली, दार उघडलं, दिवा लागला. दार लावलं, दिवा गेला. तिने स्वतःच्या दोन्ही केबली बाहेर काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे अशी बघत राहिली की मला पुढचं सगळं कळलं. तिने कटर घेतला आणि स्वतःच्या चांगल्या, नव्या केबलींची डोकी उडवली. चारही! पुन्हा तारा सरळ करायला घेतल्या. अगं बाई, तुझ्या केबली नाहीत गं, मला ओरडायचं होतं. जास्तीचे कनेक्टर दिले होते ते सगळे संपले. नव्या डोक्यांच्या केबली लागल्या, दार बंद झालं आणि दिवा परत गेला.

मग तिने सेटिंग पुसायला घेतली. ओळ पुसायची, तीच ओळ परत लिहायची. कपाळावर घाम, ओठ हलतायत. ओठ काय म्हणतायत ते मला ऐकू न येताही कळत होतं. माझंच चुकलं असेल, माझंच चुकलं असेल. मी दातओठ खात बसले. जोरात खोकले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या खिशातली एक गोळी माझ्या टेबलावर आणून ठेवली. घ्या! मी ती गालात धरून गप्प बसले, दुसरं करणार काय?

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा काही माझ्या बापाचा नोकर नव्हता, तो पुढे सरकतच होता. मागच्या टेबलावरच्या कुणाचंतरी काम झालंसुद्धा. सॉरीबाईने कीबोर्डवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले. नुसती बसली. मला वाटलं, संपलं. हिने हात टेकले.

नाही. ती उठली आणि शिडीवर उभी राहते तशी पाय रोवून रॅकपुढे उभी राहिली. "एका वेळी एकच," एवढं ती पुटपुटली. वस्ताद नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. बिघाड सापडत नसेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकी कशाला हात लावू नको. तिने केंद्राची केबल सोडवली. ती वरच्या स्विचपासून दाराच्या बिजागरीच्या कडेने खाली राउटरपर्यंत जात होती. तिथेच, त्याच वाटेने, त्याच दोन भोकांत तिने स्वतःची केबल लावली. बाकी काही हलवलं नाही. दार लावलं.

दिवा लागलेला राहिला.

तिने दार उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. दिवा ढिम्म हलेना. मला तर उठून नाचावंसं वाटलं. तिचे आखडलेले खांदे सैल झालेले मी बघितले. सापडली होती! यंत्र चांगलं, सेटिंग चांगली, तिच्या केबली चांगल्या. खराब होती ती केंद्राची केबल. आता फक्त हात वर करायचा, दाखवायची, नवी मागून घ्यायची.

आणि तिचा उजवा हात, तो मेला चपळ हात, टेबलावर गेला, कटर उचलला आणि कच्.

केंद्राच्या केबलचं डोकं टेबलावर पडलं.

मी डोळे मिटले. परत उघडले, तर ती हातातल्या केबलकडे बघत होती. काय केलं ते तिला आत्ता कळत होतं. बिघाड दाखवायचा होता. दाखवायची वस्तूच कापली! वर केंद्राचं सामान. नियम तर आम्ही दोघींनीही ऐकले होते. तुकडा खिशात घालून गप्प बसता आलं असतं, पण केबल तर कमी पडणारच होती, कनेक्टर एकही उरला नव्हता. मी असते तर रडले असते.

तिने हात वर केला. हातात कटर तसाच.

साहेब आले. चष्मा नाकावर चढवला. "काय झालं?"

"साहेब, केबल खराब आहे. केंद्राची."

"दाखवा."

तिने एका हातात केबल धरली, दुसऱ्या हातात डोकं.

"ही कुणी कापली?"

"मी."

"का?"

"खराब केबल लगेच कापायची असते, साहेब. नाहीतर परत पिशवीत जाते."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. "मॅडम, मी बघायच्या आधी कापलीत. ती खराब होती हे मला आता कळणार कसं? उद्या कुणीही कापेल आणि म्हणेल खराब होती."

याचाच मला जास्त राग आला, कारण माणूस बरोबर बोलत होता. तरी मी उठलेच. "अहो साहेब, आमच्याकडे..."

"खाली बसा. एक शब्द बोललात, तर दोघींची परीक्षा संपली."

बसले. जीभ दातांखाली धरली, अगदी खरीखुरी. खोलीतल्या सगळ्यांची कामं थांबली होती. सॉरीबाईने ते कापलेलं डोकं उचललं, खिडकीकडे तोंड करून उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"डोकं चांगलं आहे," ती म्हणाली. "आठही तारा शेवटपर्यंत पोचल्यात. बघा. म्हणजे बिघाड यात नाही. उरलेल्या केबलमध्ये आहे."

साहेबांनी बघितलं. गालातली गोळी एकीकडून दुसरीकडे केली. "ठीक. मी एक कनेक्टर देतो. कापलेल्या जागी बसवा आणि टेस्टरवर दाखवा. खराब निघाली, तर नवी केबल आणि तुमचा वेळ परत. चांगली निघाली, तर सामान आवरा."

टेस्टर म्हणजे दोन डबड्या. केबलचं एकेक टोक एकेकीत घालायचं. आठ तारांचे आठ दिवे क्रमाने लागतात. जी तार तुटलेली असेल, तिचा दिवा लागत नाही. तिने केबल सोलली, तारा लावल्या. हिरवी तार दोनदा निसटली. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर तारा धरत होते. पकड दाबल्याचा आवाज आला. तिने दोन्ही टोकं डबड्यांत घातली आणि बटण दाबलं.

पहिला दिवा लागला. दुसरा, तिसरा. चौथा लागला. पाचवाही. सहावा, सातवा आणि आठवा.

सगळे हिरवे.

साहेबांनी चष्मा खाली सोडला. "चांगली आहे, मॅडम."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते आणि नजर काढूही शकत नव्हते. तिचं तोंड उघडलं. आता येणार, मला माहीत होतं काय येणार ते. गिझर, किल्ल्या, खुर्च्या, सगळ्यांना म्हटलेलं ते आता इथेही म्हणणार आणि सामान आवरणार.

"माझंच..." ती म्हणाली.

आणि थांबली. टेबलावरच्या सरळ पसरलेल्या केबलकडे तिने बघितलं. मग रॅककडे.

"नाही," ती म्हणाली. "माझं नाही चुकलं, साहेब. ही तिथे अशी सरळ नव्हती."

"म्हणजे?"

"जिथे होती तिथे लावून दाखवते. एवढंच बघा. मग सांगाल तर आवरते."

साहेब घड्याळाकडे बघून 'हं' म्हणाले. तिने एक डबडी वरती ठेवली, एक खाली, आणि केबल बिजागरीच्या कडेने तिच्या जुन्या वाटेने नेली. बटण दाबलं. आठ दिवे पुन्हा ओळीने लागू लागले. मग तिने काचेचं दार हळूच लावलं. बिजागरीपाशी केबल थोडी दबली, तिला बाक आला.

एक, दोन, तीन, चार. सहा, सात, आठ.

पाचवा लागला नाही.

तिने दार उघडलं, पाचवा लागला. लावलं, गेला. साहेब पुढे झाले, तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. इतक्या वेळा की मला वाटलं, आता बिजागरीच मोडते. मग खाली वाकून त्यांनी बोटांनी केबल चाचपली. कितीतरी परीक्षांमध्ये कितीतरी वेळा ते दार तिच्यावर लागलं होतं आणि आतल्या आत तार तुटली होती. सरळ ठेवली की टोकाला टोक टेकायचं, वाकली की सुटायचं.

"खरं आहे," साहेब म्हणाले. "तुमचा वेळ लिहून घेतो. सगळा परत मिळेल. नवी केबल आणतो."

ते केबल उचलायला लागले, तशी ही म्हणाली, "साहेब, आता कापू?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्यांच्या गालावर सुरकुती हलली. "कापा. दोन्हीकडून."

कच्. कच्. माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर लगेच आमचा बाकीच्यांचा वेळ संपला. साहेब टेबलाटेबलाने फिरायला लागले. वीज बंद, वीज चालू, पिंग. माझ्यापाशी आले. मी निर्धास्त होते. माझी दोन्ही यंत्रं केव्हाची बोलत होती. त्यांनी बटण बंद केलं, चालू केलं. आम्ही वाट बघितली. दिवे लागले. पडद्यावर मात्र काही नाही. कोरं! नवीन यंत्र दुकानातून आणल्यासारखं. मी सेव्हच केलेलं नव्हतं. सेव्ह करायच्या वेळी मी शेजारच्या टेबलावरचे दिवे मोजत होते.

"पुढच्या वेळी," साहेब म्हणाले. ते तरी काय म्हणणार बिचारे!

मला बाहेर काढलं. कॉरिडॉरच्या बाजूने काचेची भिंत होती, बाकडं होतं. मी बाकड्यावर न बसता काचेला नाक लावून उभी राहिले. माझं काय व्हायचं ते झालं होतं, त्याचं नंतर बघू. आत आता ती एकटी आणि साहेब. ती नव्या केबलवर वाकलेली. बिजागरीच्या कडेने नाही नेली तिने, आतल्या बाजूने नेली. दार लावलं, उघडलं, लावलं. बसून टाइप केलं. एकदा थांबून पडद्यावर बोट ठेवून ओळन् ओळ वाचली. मी काचेवर टकटक करून सेव्हची खूण करणार होते, पण साहेबांचं लक्ष होतं. सेव्ह कर गं बाई, सेव्ह कर. तिने मान हलवली, स्वतःशीच. मग हात वर केला. दिवसात दुसऱ्यांदा!

साहेबांनी वीज बंद केली. रॅक काळा झाला. चालू केली. ती यंत्रं जागी व्हायला जो वेळ घेतात ना, तो मेला सरता सरत नाही. ती हाताची घडी घालून उभी. मी इकडे काचेवर धरलेली माझ्या श्वासाची वाफ पुसत होते. एक दिवा लागला, मग दुसरा. राउटरचा हिरवा लागला आणि राहिला. साहेबांनी स्वतः पिंग केलं. ओ आली. परत केलं, परत आली. पलीकडच्या कॉम्प्युटरवरून केलं, तिथूनही आली. त्यांनी काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. आणि हिने त्या हातात त्यांचा कटर परत दिला!

ती बाहेर आली, तेव्हा मी आधीच रडत होते. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला वाटलं, आनंदाने रडतेय.

"झालं गं," ती म्हणाली. "राहिले मी टीममध्ये. तुझं काय झालं?"

"उडालं. सगळं उडालं. सेव्ह करायचं राहिलं."

"राहिलं? असं कसं राहिलं?"

"कसं म्हणजे? तुझ्याकडे बघत बसले होते ना! तुझे ते दिवे लागतायत, विझतायत, माझं लक्ष लागेल होय माझ्या कामात?"

तिचा चेहरा पडला. तोच, घरचा चेहरा, ओळखीचा. ओठ हलले. माझी जीभ कशी घसरली असं मला झालं, कारण आता ती म्हणणार होती, माझ्यामुळे झालं, आणि आजची सगळी कमाई मी माझ्याच हाताने मातीत घातली होती.

तिने तोंड मिटलं. बॅग खांद्यावर घेतली.

"नाही," ती म्हणाली. "मी तुला बघ म्हटलं नव्हतं. सेव्ह तू केलं नाहीस. चूक तुझी आहे."

इतक्या वर्षांत या बाईने पहिल्यांदा कुणालातरी तुझी चूक म्हटलं आणि ते मला! राग यायला हवा होता. मला असं हसू फुटलं, असं फुटलं की पोट धरून मी तिथेच बाकड्यावर बसले. रडत होते त्याच्यावरच हसू आलं, नाक गळतंय, डोळे गळतायत. ती रुमाल पुढे करून उभी.

"झालं हसून? चल आता. उद्यापासून मी शिकवते तुला. आधी सेव्ह करायला शिकवते."

आम्ही निघालो. वळताना तिचा पाय बाकड्याला लागला आणि ती बाकड्याला सॉरी म्हणाली. सवय काय एका दिवसात जाते? पण मला सॉरी म्हणाली नाही. जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत मी वाट बघितली. नाहीच म्हणाली.